राज्यकर्ते देवाने नेमलेले असतील, तर बार्मेन आणि आन्सबाख यांतले कोणाचे खरे?

अभ्यासवर्ग (प्रश्न)

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीतील प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गात सध्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय चालू आहे. देवापासून नाही असा कोणताही अधिकार नाही आणि जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत, हे प्रेषित पौलाचे विधान वाचले की वर्गाचे हमखास दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की सत्तेवर कोणीही असो, त्यामागे देवाचा हात असतो, तेव्हा ख्रिस्ती माणसाने राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी आणि बाकी गप्प राहावे. दुसऱ्या तटाला वाटते, की असे मानले तर जुलमी राजाच्या प्रत्येक कृत्याखाली आपण देवाची सही करून मोकळे होतो. वर्ग मी घेतो, त्यामुळे दोघांनाही काही उत्तर देणे मला भाग आहे.

तयारी करताना मी जर्मनीतील १९३४ सालच्या दोन निवेदनांपाशी अडलो. हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा सव्वा वर्ष उलटून गेले होते आणि नाझी विचारांच्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाने १९३३ च्या जुलैतील चर्च-निवडणुका जिंकून बहुतेक प्रांतिक मंडळ्यांचा कारभार हाती घेतला होता. त्याला विरोध करणारे लूथरन, रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतील) आणि या दोहोंच्या संयुक्त मंडळ्यांचे प्रतिनिधी मेअखेर वुपरटाल शहरातील बार्मेन येथे जमले आणि ३१ मे रोजी त्यांनी एक घोषणापत्र संमत केले, ज्याचा मसुदा मुख्यतः रिफॉर्म्ड ईश्वरविद्यापंडित कार्ल बार्ट यांचा होता. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, ११ जून रोजी, बव्हेरियातील आन्सबाख येथून त्याला उत्तर म्हणून दुसरे निवेदन निघाले. त्यावर सही करणाऱ्यांत वेर्नर एलर्ट आणि पाउल आल्टहाउस हे एर्लांगेन विद्यापीठातील नामांकित लूथरन प्राध्यापक होते. आमच्या राष्ट्राच्या संकटकाळी देवाने आम्हांला फ्यूररच्या (म्हणजे हिटलरच्या) रूपाने धर्मशील आणि विश्वासू अधिपती दिला, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. त्यातील ‘धर्मशील आणि विश्वासू अधिपती’ हे शब्द ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरावलीतील, ‘आमची रोजची भाकर’ या विनंतीच्या स्पष्टीकरणातून उचललेले आहेत.

मला छळणारी गोष्ट ही, की दोन्ही निवेदने देव राजांवर राज्य करतो या एकाच श्रद्धेतून बोलतात. आन्सबाखच्या प्राध्यापकांनी पौलाचे वचन मोडले असे एका वाक्यात म्हणता येत नाही, उलट ते पाळतो आहोत असेच त्यांना वाटत होते. मग श्रद्धा तीच असताना वाट कोठे फुटली? ‘आज आपल्याला निकाल ठाऊक आहे’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण १९३४ मध्ये तो कोणालाच ठाऊक नव्हता.

निवृत्त पाळक

आपला प्रश्न यरुशलेमाच्या मंदिरात इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सर्व लोकांसमोर लढवला गेला आहे, आणि संदेष्टा यिर्मया याच्या ग्रंथाचे २७ व २८ हे अध्याय वर्गात वाचल्याखेरीज रोमकर १३ शिकवू नये असे माझे मत झाले आहे.

पार्श्वभूमी अशी. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले, तरुण राजा यहोयाखीन याला बंदिवासात नेले आणि सिद्कीयाला गादीवर बसवले. काही वर्षांनी अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन यांचे वकील यरुशलेमात आले. प्रसंगावरून हेतू उघड आहे, बाबेलविरुद्ध एकजुटीने उठावे असा तो घाट होता. त्या वेळी यिर्मया मानेवर जू घालून हिंडला आणि म्हणाला, की परमेश्वराने ही सर्व राष्ट्रे ‘माझा सेवक’ नबुखद्नेस्सर याच्या हाती दिली आहेत, त्याच्या जुवाखाली मान द्या आणि जगा. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने ते जू यिर्मयाच्या मानेवरून काढून मोडले आणि दोन वर्षांत मंदिराची पात्रे व बंदिवान परत येतील असे परमेश्वराच्याच नावाने जाहीर केले. यिर्मयाचे पहिले उत्तर मला फार हलवून जाते: तो म्हणाला, ‘आमेन, परमेश्वर असेच करो.’ त्यालाही तेच हवे होते, पण त्याला मिळालेला शब्द तो नव्हता.

आता आपल्या वर्गातील दोन्ही तटांना येथे अडचण होईल. वरवर पाहता यिर्मयाच आन्सबाखचा माणूस दिसतो: परक्या, क्रूर सम्राटाला देवाने नेमले आहे, त्याची सेवा करा, असे तो सांगतो. प्रतिकाराची भाषा हनन्याच्या तोंडी आहे. म्हणजे ‘अधीन राहा’ म्हणणारा खोटा आणि ‘उठा’ म्हणणारा खरा, अशी सोपी कसोटी शास्त्र आपल्याला देत नाही.

फरक कोठे आहे हे मला ५१ व्या अध्यायाच्या शेवटी दिसले. सिद्कीयाच्या कारकिर्दीचे तेच चौथे वर्ष आहे, ज्या वर्षी जुवाचा प्रसंग घडला. राजाचा अधिकारी सराया बाबेलला निघाला होता. बाबेलवर येणाऱ्या सर्व अरिष्टांची एक गुंडाळी यिर्मयाने त्याच्या हाती दिली आणि सांगितले, की तेथे पोहोचल्यावर ती वाच, मग तिला धोंडा बांधून फरात नदीच्या मध्यभागी टाक आणि म्हण, बाबेल असेच बुडेल आणि पुन्हा वर येणार नाही. एकाच वर्षी, एकाच संदेष्ट्याने, यरुशलेमात ‘बाबेलची सेवा करा’ म्हटले आणि बाबेलमध्ये बाबेलच्या मृत्यूचा हुकूम पाठवला. जो देव नबुखद्नेस्सराला आपला सेवक म्हणतो तो त्याच वाक्यात त्याची मुदतही ठरवतो: सर्व राष्ट्रे त्याची, त्याच्या पुत्राची व नातवाची सेवा करतील, पण त्याच्या स्वतःच्या देशाचा काळ येईपर्यंतच (२७:७). यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर (अ‍ॅसिरियाचे साम्राज्य) हा परमेश्वराच्या क्रोधाचा सोटा आहे, पण अश्शूराच्या मनात तसे काही नाही, त्याला फक्त राष्ट्रे नष्ट करायची आहेत, म्हणून काम संपताच परमेश्वर त्याच्या उन्मत्तपणाचा झाडा घेतो. कुऱ्हाड आपल्याला चालवणाऱ्यावर तोरा मिरवील काय, हा प्रश्न त्याच अध्यायातला.

आन्सबाखच्या निवेदनात ही मुदत नाही आणि हा झाडाही नाही. तेथे नेमणूक आहे, आभार आहेत, आणि कुटुंब, राष्ट्र व रक्ताचे नाते यांना देवाने घालून दिलेली व्यवस्था मानून तिचे बंधन सांगितलेले आहे. ज्या सत्तेबद्दल बोलायचे तिला देवापुढे जाब द्यावा लागेल, ही भीती मात्र त्यात कोठे जाणवत नाही. बार्मेनच्या पाचव्या कलमात राज्यसंस्था देवाच्या व्यवस्थेने आहे हे तितक्याच स्पष्टपणे मान्य केले आहे. या अजून उद्धार न झालेल्या जगात न्याय आणि शांती राखणे हे तिचे काम, आणि देवाच्या राज्याची, आज्ञेची व नीतीची आठवण करून देऊन शासक व शासित या दोघांनाही त्यांच्या जबाबदारीचे भान देणे हे मंडळीचे काम. मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होण्याचा राज्यसंस्थेचा दावा तेथे नाकारलेला आहे. देवाने नेमलेला म्हणजे देवाच्या हाताखालचा, आणि जो हाताखालचा आहे त्याला सीमा आहे, असा तो अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट निकाल न पाहताही तपासता येते. आपल्या बोलण्याने कोणाला बरे वाटते? यिर्मयाच्या बोलण्याने त्याचा राजा, त्याचे अधिकारी, त्याचे याजक यांपैकी कोणालाही बरे वाटले नाही. पुढे त्याच्यावर शत्रूला फितूर झाल्याचा आरोप आला आणि त्याला चिखलाने भरलेल्या टाक्यात सोडण्यात आले. जर्मनीत १९३४ मध्ये फ्यूररबद्दल देवाचे आभार मानणाऱ्याला असे काहीही सोसावे लागणार नव्हते.

वसईची वाचक

पाळकसाहेबांचे उत्तर वाचून समाधान वाटले, तरी एक पुस्ती जोडते, कारण बार्मेनचे कौतुक करताना आपण त्याच्या मौनावर पांघरूण घालू नये. त्या सहा कलमांत यहूदी लोकांवरील अन्यायाबद्दल एक शब्दही नाही. यहूदी वंशाच्या पाळकांना मंडळीतून दूर करणारा ‘आर्य परिच्छेद’ आधीच्या सप्टेंबरात प्रशियाच्या मंडळीने स्वीकारला होता, म्हणजे विषय अपरिचित नव्हता. मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी धैर्य दाखवले, पण शेजाऱ्यासाठी ते अपुरे पडले, आणि युद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑक्टोबरात श्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही असे कबूल केले. या कबुलीतही यहूदी लोकांचे नाव घेऊन काही म्हटलेले नाही.

आम्हां कॅथलिकांचेही चित्र निर्मळ नाही, पण वर्गाला उपयोगी पडेल असे एक उदाहरण सांगते. म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन हे देशाभिमानी, जुन्या सरदार घराण्यातले गृहस्थ होते आणि कायदेशीर अधिकाराला मान देणे त्यांच्या अंगी मुरलेले होते. १९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी तीन प्रवचने दिली. त्यांपैकी ३ ऑगस्टच्या प्रवचनात, मनोरुग्ण आणि अपंग माणसांना ‘निरुपयोगी’ ठरवून ठार मारले जात असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले आणि ‘खून करू नको’ ही आज्ञा राज्यालाही लागू आहे असे बजावले. प्रवचनाच्या प्रती हातोहात पसरल्या. त्याच महिन्याच्या २४ तारखेला हिटलरने तो मध्यवर्ती कार्यक्रम थांबवण्याचा हुकूम दिला. हत्या मात्र पुढे विखुरलेल्या रीतीने चालूच राहिल्या, आणि यहूदी लोकांसाठी गालेन यांनी अशी जाहीर प्रवचने दिली नाहीत, हेही सांगितलेच पाहिजे.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की राज्य देवाचे आहे असे मानणाऱ्या माणसाला राज्याकडे जाब मागण्याचा आधार त्याच मान्यतेत सापडला. रोमी राज्यपाल पिलाताने आपल्याला वधस्तंभावर देण्याचा अधिकार आहे असे म्हटल्यावर प्रभूने जे उत्तर दिले (योहान १९:११), ते मी नेहमी याच्याशी जोडून वाचते. तुला वरून दिला नसता तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता, हे त्या वचनाचे पहिले अंग. ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक आहे, हे दुसरे. अधिकार वरून आला म्हणून पाप खाली उरत नाही, असे तेथे कोठेही नाही. अधिक पाप आणि कमी पाप असा हिशेब आहे, आणि त्यातून पिलातही सुटत नाही.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या महाप्रार्थनांत राज्यकर्त्यांसाठी एक स्वतंत्र प्रार्थना असते. ती म्हणताना, ज्या दिवशी एका राज्यपालाने निरपराध माणसाला मृत्युदंड दिला त्याच दिवशी आपण ती म्हणतो आहोत, याकडे किती जणांचे लक्ष जाते कोणास ठाऊक.

साशंक

मी मंडळीतच वाढलो, संडे स्कूलची बक्षिसेही मिळवली, पण आता उपासनेला जात नाही. तेव्हा माझे बोलणे कोणाला टोचले तर क्षमा असावी.

पाळकसाहेब, आपण ‘मुदत’ म्हणता ती मला फार थंड सांत्वना वाटते. यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास पडले आणि बाबेल ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याच्या हाती गेले. मधल्या काळात जे मेले त्यांच्यासाठी ही मुदत कधीच भरली नाही. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात भुकेने वेड्या झालेल्या आया पोटची पोरे खातात असे लिहिले आहे, आणि तो प्रश्न थेट परमेश्वराला विचारलेला आहे. बाबेलचे सैन्य देवाने उठवले असेल, तर त्या मुलांचे काय? आणि देवाने केवळ ‘होऊ दिले’ असे म्हणून आपण सुटका करून घेत असाल, तर ज्याला अडवता येत होते आणि ज्याने अडवले नाही, त्याला आपण एरवी कोणत्या नावाने ओळखतो?

निवृत्त पाळक

टोचले, पण क्षमा मागण्यासारखे आपण काहीही लिहिलेले नाही. आपण ज्या अध्यायाचा उल्लेख केलात तो शास्त्रातच आहे, म्हणजे हा आरोप बाहेरच्या कोणा निंदकाने केलेला नसून उपासना करणाऱ्या लोकांनीच आपल्या प्रार्थनेत लिहून ठेवलेला आहे.

‘होऊ दिले’ या उत्तराबद्दल ख्रिस्ती विचारवंतांतही एकमत नाही. ऑगस्टीनने म्हटले, की वाईट घडूच न देण्यापेक्षा वाइटातून चांगले निर्माण करणे देवाला अधिक योग्य वाटले, आणि थॉमस अक्विनास त्याच वाटेने गेला. धर्मसुधारक कॅल्विनला नुसत्या परवानगीची ही भाषा पळवाट वाटत असे आणि दुष्टांची कृत्येही देवाच्या इच्छेबाहेर नाहीत असे तो ठामपणे म्हणे, मात्र दोष त्यांचाच राहतो असा त्याचा आग्रह होता. मी चाळीसहून अधिक वर्षे प्रवचने दिली, आणि या दोन्ही मांडण्यांपैकी एकही मी मूल गमावलेल्या आईपुढे कधी मांडली नाही. त्या अभ्यासिकेसाठी आहेत, आणि तेथेही त्या पुऱ्या पडत नाहीत.

शास्त्र काय करते ते पाहा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारावा: हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्राला तुरुंगातून देवदूत बाहेर काढतो. मंडळी तीच, राजा तोच, देव तोच. याकोबासाठी देवदूत का आला नाही, याचा हा ग्रंथ लिहिणारा लूक एका अक्षरानेही खुलासा करत नाही, आणि पेत्राच्या सुटकेच्या आनंदात याकोबाचा मृत्यू लपवतही नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात तर वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात: हे स्वामी, कोठवर? ते स्वर्गात आहेत, त्यांना शुभ्र झगे मिळाले आहेत, तरीही त्यांचा प्रश्न मिटलेला नाही. त्यांना आणखी थोडा वेळ थांबण्यास सांगितले जाते. स्वर्गातही जो प्रश्न विचारण्याची मुभा आहे तो आपण येथे विचारलात म्हणून आपल्याला विश्वासाबाहेरचे मानणारा मी कोण?

मुदतीविषयी मात्र एक गोष्ट राहिली. संदेष्टा हबक्कूक याला हाच प्रश्न पडला होता: तुझे डोळे इतके पवित्र की तुला दुष्टता पाहवत नाही, मग दुष्ट आपल्याहून नीतिमान माणसाला गिळत असता तू उगा का राहतोस? त्याला जे उत्तर मिळते त्यात खास्द्यांवर, म्हणजे बाबेलकरांवर, पाच वेळा ‘धिक्कार’ उच्चारलेला आहे: लुटीवर, अन्यायाच्या कमाईवर, रक्तपाताने शहर उभारणाऱ्यावर, शेजाऱ्याला मद्य पाजून नग्न करणाऱ्यावर, मूर्तीवर. दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनाप्रमाणे हे धिक्कार लुटली गेलेली राष्ट्रे म्हणतात. म्हणजे ज्यांना बाबेलने गिळले त्यांनाच परमेश्वर बाबेलविरुद्ध साक्षीदार करतो. मेलेल्यांचे काय, याला ख्रिस्ती विश्वासापाशी पुनरुत्थानाखेरीज दुसरे उत्तर नाही, आणि पुनरुत्थान नसेल तर आपला आक्षेप खरा ठरतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पौलानेही करिंथकरांस जवळजवळ हेच लिहिले आहे.

साशंक

मोकळेपणाबद्दल आभार. उत्तर मला पटले असे म्हणत नाही. पण याकोब आणि पेत्र एकाच अध्यायात आहेत, हे संडे स्कूलमध्ये आम्हांला कोणी दाखवले नव्हते. तेथे फक्त देवदूताचे चित्र रंगवायला मिळत असे.

अभ्यासवर्ग

सर्वांचा ऋणी आहे. यिर्मयाची गुंडाळी आणि जू एकाच वर्षातले आहेत, हे ध्यानात येताच पहिल्या तटाला काय सांगायचे ते मला उमगले. दुसऱ्या तटाविषयी मात्र एक शंका उरते. ‘राज्यकर्त्याला जाब विचारणे’ ही गोष्ट बार्ट किंवा बिशप यांना शक्य होती. आमच्या वर्गात शिक्षक आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिका आहेत. त्यांनी रोमकर १३ वाचून सोमवारी सकाळी काय करायचे?

वसईची वाचक

दानीएलाचा चौथा अध्याय घ्यावा. दानीएल हा बाबेलच्या दरबारातला नोकर होता, त्याला नावसुद्धा बाबेलचे दिलेले होते. स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर तो नबुखद्नेस्सराला न विचारता सल्ला देतो: न्यायाने वागून आपली पापे तोडून टाक, गोरगरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझे स्वास्थ्य टिकेल (४:२७). त्याने नोकरी सोडली नाही, बंड केले नाही, आणि खोटेही बोलला नाही. गालेन यांच्या काळात रुग्णांच्या याद्या भरून पाठवण्याचे काम दवाखान्यांतल्या साध्या माणसांकडेच येत होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या हातात निदान एक कागद होता. आपल्या परिचारिकांना आणि तलाठीसाहेबांना हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

वाचनाबद्दल एक सूचना आहे. अध्यायांचे विभाग तेराव्या शतकातले आहेत, पौलाच्या पत्रात ते नव्हते. म्हणून वर्गात रोमकर १२:१४ पासून १३:१० पर्यंतचा भाग मध्ये न थांबता एका दमात वाचून घ्या. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड घेऊ नका, वाइटाला बऱ्याने जिंका, अधिकाऱ्यांच्या अधीन असा, कर द्या, आणि प्रीतीखेरीज कोणाच्या ऋणात राहू नका, कारण प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही, असा तो सलग ओघ आहे. ज्या सम्राटाच्या कारकिर्दीत हे पत्र गेले तो नीरो होता, आणि इ.स. ६४ च्या आगीनंतर रोमच्या ज्या मंडळीला त्याने छळले तिनेच ते आधी वाचलेले होते, एवढे सांगून चर्चा वर्गाच्या हाती सोपवावी.